सरकती काच, ओला गालिचा: जुन्या मिनीत पाणी येतं कुठून?

लोकलमध्ये लटकत ऐकत असाल, भांडी घासता घासता ऐकत असाल किंवा एसटीत खिडकीपाशी बसून ऐकत असाल, तर स्वागत. एसटीत असाल आणि बाहेर पाऊस असेल, तर आजचा भाग खास तुमच्यासाठी. सरकत्या काचेच्या फटीतून पाणी येतं, मांडीवर टपकतं आणि शेजारचे काका म्हणतात, "अहो, काच ओढा ना नीट." काच तर आधीच ओढलेली असते! मग पाणी येतं कुठून? आज तेच बघायचंय. फक्त गाडी एसटी नाही, १९६० च्या दशकातली इंग्लंडची मिनी आहे.

नवीन ऐकणाऱ्यांसाठी सांगतो. मी बर्मिंगहॅममध्ये राहतो, नोकरी करतो आणि शनिवार-रविवारी जुन्या गाड्यांखाली झोपतो. मिनी जिथे बनायची तो लाँगब्रिजचा कारखाना याच शहरातला, त्यामुळे इथे गल्लीबोळात कुणाकडे तरी जुनी मिनी असतेच. आमच्या शेजारच्या आजोबांकडेही आहे, १९६६ ची. आजोबांना ती नातीला द्यायची आहे. नात सतरा वर्षांची, नुकतंच लायसन्स मिळालंय. आणि गाडीत पाणी येतंय. "खिडकीला जरा सील मारून देतोस का?" असं त्यांनी मला विचारलं. सील मारण्याचा विषय कुठवर जातो ते ऐका.

आधी ही खिडकी अशी का, ते थोडक्यात. १९५६ मध्ये सुएझ कालव्याचं संकट आलं, ब्रिटनमध्ये पेट्रोलचं रेशनिंग झालं आणि ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनने ॲलेक इसिगोनिस या इंजिनियरला लहान गाडी बनवायला सांगितलं. २६ ऑगस्ट १९५९ ला ती बाजारात आली. लांबी जेमतेम १० फूट, चाकं १० इंचांची, इंजिन ८४८ सीसी, आणि आत चार माणसं बसायला हवीत! मग जागा कुठून काढायची? इसिगोनिसने दारातून काढली. हँडल फिरवून खाली जाणारी काच बसवली तर तिच्यासाठी दार पोकळ ठेवावं लागतं. आत दोन पत्रे, मध्ये यंत्रणा. त्याने काच खाली न्यायचीच नाही असं ठरवलं. काच आडवी सरकवली, यंत्रणा गेली, आणि दाराच्या आतल्या बाजूला भलामोठा खिसा मिळाला. कोपराला जागा झाली आणि सामानालाही. इसिगोनिसला ड्राय मार्टिनी प्रिय होती आणि त्याला लागणाऱ्या बाटल्यांच्या मापाने तो खिसा केला, अशी गोष्ट मिनीवाले हमखास सांगतात. खरी असो नसो, खिसा मात्र खरंच मोठा आहे. मी त्यात पाना-स्क्रूड्रायव्हरचा अख्खा संच ठेवतो.

तर अशा सरकत्या काचा मिनीच्या साध्या गाडीला १९६९ पर्यंत होत्या. मग मार्क थ्री आली आणि हँडलवाल्या काचा आल्या. व्हॅन आणि पिकअपला नंतरही सरकत्याच राहिल्या. लँड रोव्हरच्या जुन्या सिरीजला, फ्रान्सच्या रेनॉ फोरलाही अशाच काचा. म्हणजे आज जे सांगतोय ते थोड्याफार फरकाने या सगळ्यांना लागू आहे.

आता मुद्दा. दाराच्या चौकटीत खाली एक पन्हळ असते. इंग्रजीत चॅनल म्हणतात, पण मला पन्हळच म्हणायला आवडतं, कारण ती वळचणीच्या पन्हळीसारखंच काम करते. तिच्यात शेजारी शेजारी दोन खाचा. एका खाचेत पुढची काच, दुसऱ्या खाचेत मागची. आता विचार करा, पाऊस काचेवर पडला की खाली ओघळणार. कुठे? सरळ पन्हळीत. काच सरकायची म्हणजे तिच्या आणि पन्हळीच्या मध्ये थोडी सैल जागा हवीच. म्हणजे पाणी पन्हळीत उतरणारच! ते उतरणं हा बिघाड नाही. ही खिडकी पाणी अडवायला केलेलीच नाही. ती पाणी आत घेते आणि तळाच्या भोकांतून दाराच्या बाहेरच्या पत्र्यावर सोडून देते. ती भोकं म्हणजे या खिडकीचं खरं सील.

तुमच्या फ्लॅटची अॅल्युमिनियमची स्लायडिंग खिडकी आठवा. ट्रॅकच्या बाहेरच्या बाजूला लहान लहान खाचा असतात. अनेकांना वाटतं की कारागिराने अर्धवट काम केलंय. मग रंगवाला येतो, पुट्टीने त्या बुजवून टाकतो, छान गुळगुळीत दिसतं, आणि जुलैमध्ये हॉलमध्ये तळं. आता ऐकता ऐकता उठा आणि बघून या, तुमच्या खिडकीच्या खाचा उघड्या आहेत का. मी थांबतो.

बघितलंत? बरं. आता कुणी म्हणेल, आमच्या खाचा उघड्या आहेत, तरी झड आली की पाणी आत येतं, आणि ट्रॅकमधून गुडगुड आवाज येतो. त्याचं उत्तर वाऱ्यात आहे. वारा काचेवर आपटला की बाहेर हवेचा दाब वाढतो. ताशी ६० किलोमीटरच्या वाऱ्याचा दाब साधारण १७ मिलिमीटर उंचीच्या पाण्याला तोलून धरतो. शाळेतल्या फिजिक्सचं गणित आहे, करून बघा. म्हणजे ट्रॅकची आतली भिंत १७ मिलिमीटरपेक्षा बुटकी असेल, तर भोकं साफ असूनही वारा पाणी बाहेर जाऊ देत नाही, आणि पाणी भिंत ओलांडून घरात. ताशी १०० किलोमीटरला हाच आकडा ४७ मिलिमीटरच्या घरात जातो, म्हणून वादळात भलीभली खिडकी हार मानते. गुडगुड म्हणजे बाहेरची हवा त्याच भोकांतून पाण्याला ढकलत आत शिरतेय.

मिनीच्या पन्हळीची आतली कड बोटाच्या पेराएवढीही नाही. त्यामुळे मी आजोबांना पहिल्याच दिवशी सांगितलं की वादळी पावसात चार थेंब येणार, ते कुणाच्या बापाला थांबवता येणार नाहीत. (आजोबांना अर्थात सभ्य शब्दांत सांगितलं.) पण गालिचा पिळून पाणी निघतंय, हे चार थेंबांचं काम नव्हे.

मग ते कशाचं काम होतं? दार उघडून पन्हळीत टॉर्च मारला. तळाला शेवाळ. हिरवंगार, मखमली! हसू नका, जुन्या ब्रिटिश गाड्यांच्या खिडकीत शेवाळ उगवणं ही इथली नेहमीची गोष्ट आहे. मॉरिस मायनर ट्रॅव्हलर नावाची लाकडी चौकटीची गाडी असते, तिच्या सरकत्या खिडक्यांत तर छोटी बागच असते. धूळ, पानांचा चुरा, पाणी आणि सावली, शेवाळाला आणखी काय हवं? आणि शेवाळाखाली पांढरा सिलिकॉन. पूर्वी कुण्या गॅरेजवाल्याने गळती थांबवण्यासाठी पन्हळीच्या तळाला नळीभर सिलिकॉन ओतला होता. भोकं कायमची बंद. मोरीच्या जाळीवर सिमेंट ओतून वर नळ सोडल्यासारखं झालं. पन्हळ भरली की पाणी आतल्या कडेवरून दाराच्या खिशात, खिशातून खाली.

सिलिकॉनबद्दल दोन वाक्यं, कारण तुमच्यातले बरेच जण हार्डवेअरच्या दुकानातून तीच नळी आणणार आहेत. ज्या सिलिकॉनला लावताना व्हिनेगरसारखा आंबट वास येतो, त्यातून वाळताना ॲसेटिक ॲसिड सुटतं. उघड्या लोखंडी पत्र्यावर ते गंजाला आमंत्रण. शिवाय ज्या पत्र्याला एकदा सिलिकॉन लागला, त्यावर पुढे रंग नीट धरत नाही. बाथरूमच्या टाइल्सला खुशाल लावा. गाडीला नको.

तरीही मी लगेच पन्हळ काढायला घेतली नाही. आधी शोध. जुन्या गाडीत पाणी जिथे दिसतं तिथून आलेलं असेलच असं नाही. ते पत्र्याच्या आतून, वायरच्या अंगावरून, रबराच्या कडेने चार फूट प्रवास करून तुमच्या पायाशी येतं. म्हणून पद्धत अशी. गालिचे बाहेर, त्यांच्याखालचा नमदाही बाहेर. तो स्पंजसारखा आठवडेच्या आठवडे पाणी धरून ठेवतो. गाडी दोन दिवस कोरडी होऊ द्यायची. मग दाराच्या खिशात, खालच्या पत्र्यावर, काचेच्या कोपऱ्यांत टिश्यू पेपर ठेवायचे. एक माणूस आत टॉर्च घेऊन, एक बाहेर पाइप घेऊन. पाइपाला जोराचं नोझल नको, नुसती धार. आणि सुरुवात खालून! आधी दाराचा तळ, दहा मिनिटं. मग दाराचं रबर. मग खिडकी. मग पुढची काच. शेवटी छताची पन्हळ. वरून सुरू केलंत तर सगळंच ओलं होतं आणि कळत काहीच नाही.

नात आत बसली होती, मी बाहेर. ती मोबाइलवर वेळ आणि जागा लिहून घेत होती. तिच्या यादीत तीन नोंदी झाल्या. डाव्या खिडकीवर पाणी सोडलं की चार मिनिटांत डावा खिसा ओला. पुढच्या काचेच्या उजव्या खालच्या कोपऱ्यातून एक बारीक ओघळ. आणि तिसरी नोंद विचित्र होती: उजवीकडे चालकाच्या पायाखाली ओल, पण कुठेही पाणी सोडलं तरी तिथे नवीन थेंब नाही.

या तिसऱ्या नोंदीकडे परत येतो. आधी खिडकीचं काम सांगतो, कारण बऱ्याच जणांना तेच हवं असेल.

दोन्ही काचा काढल्या. जुनी पन्हळ काढताना तिचे तुकडेच हातात आले. खालच्या चौकटीवर गंज होता, पण वरवरचा. तो घासला, गंजरोधक प्रायमर, मग रंग, आणि रंग पूर्ण वाळेपर्यंत हात लावायचा नाही. आता सीलंट कुठे लावायचं? पन्हळीच्या आत अजिबात नाही. पन्हळ आणि चौकटीचा पत्रा यांच्या मधल्या जागेत. तिथे पाण्याचं काही काम नसतं, म्हणून तिथे ते अडवायचं. त्यासाठी कधीही पूर्ण कडक न होणारं ब्युटाइल मॅस्टिक. चिकट, मऊ, च्युइंगम आणि मळलेली कणीक यांच्या मधलं काहीतरी. पत्रा थंडीत आकसतो, उन्हात ताणतो, हे त्याच्याबरोबर हलतं. आणि पुढे कधी पन्हळ काढायची झाली तर निघतं.

नवी पन्हळ घेतलीत की बसवण्याआधी उलटी करून बघा, भोकं आहेत का. नसतील तर जुन्या पन्हळीवरून किंवा चौकटीवरून खुणा करून पाडा. भोक किती मोठं? इथे एक गंमत आहे. भोक ३ मिलिमीटरचं केलंत तर पाणी आपल्याच पृष्ठताणामुळे त्यात अडकून बसू शकतं, जवळजवळ एक सेंटीमीटर उंचीचं पाणी वर तोलून! भोक उघडं, पण पाणी हलत नाही. म्हणून किमान ६ मिलिमीटर, आणि जागा असेल तर गोल भोकाऐवजी लांबट खाच. कापलेल्या कडांना रंगाचा हात मारा. आणि पन्हळीचं भोक पत्र्यातल्या वाटेवर नेमकं आलंय ना, हे तार घालून तपासा. तार बाहेर आली पाहिजे.

मग दोन काचा जिथे एकमेकींवर येतात तिथलं उभं सील. हे फार लोक विसरतात. दोन काचांमधली फट बारीक असते, आणि बारीक फटीत पाणी आपोआप ओढलं जातं, दिव्याच्या वातीत तेल चढतं तसं. तिथलं रबर किंवा ब्रशपट्टी झिजली असेल तर बदला. वरच्या आणि बाजूच्या खाचांत फेल्ट असतं, ते कुजलेलं असेल तर तेही. लँड रोव्हरवाल्यांनी इथे जास्त लक्ष द्या, त्या जुन्या फेल्टमध्ये पाणी राहतं आणि दाराची वरची चौकट आतून खाऊन टाकतं.

काच घट्ट सरकते म्हणून ग्रीस लावू नका. ग्रीसला धूळ चिकटते, धुळीत वाळूचे कण, आणि वाळू काचेवर कायमच्या रेघा मारते. कोरडा सिलिकॉन स्प्रे पुरे. हो, सिलिकॉनच, पण हा स्प्रे, मघाचा तो गोंद नव्हे. आणि रंग द्यायच्या आधी नाही, सगळ्यात शेवटी.

पुढच्या काचेचा ओघळ सोपा होता. रबराची कड उचलून खाली तेच न वाळणारं मॅस्टिक भरलं, वरचं पुसून घेतलं. झालं.

आता ती तिसरी नोंद. वरून पाणी सोडून ओल येत नाही, तर ती खालून येत असणार. आजोबा म्हणाले, पाऊस पडून गेल्यावर गाडी चालवली की उजवा पाय ओला होतो. उभ्या गाडीत नाही, चालत्या गाडीत. मला पहिल्या मिनींची आठवण झाली. त्या गाड्यांच्या तळाच्या पत्र्याचा एक जोड पुढे तोंड करून होता. चाकाने उडवलेलं पाणी त्या जोडात घुसायचं आणि गालिचे भिजायचे. कारखान्याने पुढे तळाची रचनाच बदलली. आजोबांची गाडी १९६६ ची, म्हणजे तो दोष तिच्यात नसायला हवा. मग गाडी वर उचलली आणि खाली गेलो.

तळाचा पत्रा चालकाच्या टाचेखाली कागदासारखा झालेला. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलकं ठोकलं, आणि तो आत गेला. तिथून सिलपर्यंत गंज. सिल म्हणजे दाराखालचा लांबट पोकळ भाग, घराच्या उंबरठ्यासारखा. आणि मिनीला वेगळी चॅसी नसते. तळ, सिल, छत मिळूनच गाडीचा सांगाडा. सिल गेलं म्हणजे नुसता उंबरठा गेला नाही, जोत्याचा दगड निखळला. धडक बसली तर दार आणि माणूस यांच्यामध्ये उभं राहायला काही उरत नाही.

क्रम बहुधा असा असावा. वर्षानुवर्षं खिडक्यांतून पाणी आलं, गालिच्याखालच्या नमद्यात मुरलं, पत्रा वरून गंजला, भोक पडलं, मग रस्त्याचं पाणी खालून येऊ लागलं. खिडकीच्या गळतीला "थोडं पाणी येतं, जुनी गाडी आहे, चालायचंच" म्हणतात ना, ते मला म्हणूनच पटत नाही.

आणि हे कुणाच्या लक्षात का आलं नाही? ब्रिटनमध्ये गाड्यांची दरवर्षी एमओटी नावाची तपासणी होते. त्यात तपासणारा नेमकं हेच बघतो, सिल, तळ, गंज. पण ४० वर्षांहून जुन्या गाडीत मोठे बदल केलेले नसतील, तर तिला या तपासणीतून सूट आहे. गाडी सुस्थितीत ठेवायची कायदेशीर जबाबदारी मालकाची, पण बघायला कुणी येत नाही. मालकाला वाटलं तर तो स्वतःहून तपासणी करून घेऊ शकतो. आजोबांना कधी वाटलं नाही. गाडी रोज चमकते, त्यांनी तिला जिवापाड जपलंय. फक्त गालिचा उचलून पाहिला नव्हता.

मी त्यांना खाली वाकायला लावलं नाही. फोनवर फोटो काढून दाखवला. बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "पुढच्या आठवड्यात तिचा वाढदिवस आहे. तोवर खिडकी तरी करून दे, बाकीचं नंतर बघू." मी नाही म्हणालो. म्हणजे खिडकी केली, पण तळाचं वेल्डिंग होईपर्यंत किल्ली नातीला देऊ नका, असं स्पष्ट सांगितलं. ते चिडले. दोन दिवस बोलले नाहीत. इंग्रज माणूस चिडला की "गुड मॉर्निंग" जास्तच नम्रपणे म्हणतो, ते एक वेगळंच प्रकरण. तिसऱ्या दिवशी नातच आली माझ्याकडे, फोटो तिनेही पाहिला होता. "वेल्डिंग किती दिवसांचं असतं?" एवढंच विचारलं.

मिनीच्या तळाचे पत्रे आजही नवे बनून मिळतात, हे नशीब. गाडी आता वेल्डरकडे आहे. मी सांगितलंय की गाडी परत आली की पैसे भरून एकदा एमओटी करून घ्या, सूट असली तरी. त्यावर आजोबांनी अजून हो म्हटलेलं नाही. नातीने म्हटलंय.

तुमच्याकडे किंवा ओळखीत कुणाकडे अशी गाडी असेल तर आणखी एक गोष्ट, जी कुठल्या मॅन्युअलमध्ये मी ठळक लिहिलेली पाहिली नाही. गाडी कशी उभी करता ते बघा. उतारावर तोंड वर करून उभी केली की पन्हळीतलं सगळं पाणी मागच्या टोकाला जमतं. तिथे भोक नसेल, तर भोकं साफ असूनही पाणी साचणार. सपाट जागा नसेल तर त्या खालच्या टोकाला भोक आहे याची खात्री करा. आणि प्लॅस्टिकचं, हवा न जाणारं कव्हर घालू नका. बाहेरचा पाऊस थांबतो, पण आतली ओल तिथेच राहते.

महिन्यातून एकदा जुन्या टूथब्रशने पन्हळ घासा, भोकांतून तार फिरवा, वरून पेलाभर पाणी ओता आणि बाहेर येऊन दाराकडे बघा. काचेखाली पत्र्यावर दोन-तीन ओल्या रेघा खाली ओघळताना दिसल्या पाहिजेत. दिसल्या तर खिडकी ठीक आहे. नाही दिसल्या तर खिशात हात घालून बघा.

वेल्डरकडून गाडी आली की तळाचं काम कसं झालं, ते फोटोंसकट टाकतो. तुमच्या फ्लॅटच्या ट्रॅकमध्ये काय सापडलं तेही पाठवा. पुट्टी, चॉकलेटचे कागद, पालीचं अंडं, काहीही चालेल. भेटू.